हॉपवाली पिल्सनर चाखायची कशी: फ्रिज ते बलकांव, बारा मिनिटं

मागच्या मे महिन्यात पेडण्याला घरी गेलो तेव्हा सोबत हॉपवाल्या पिल्सनरचे, म्हणजे हॉप नावाच्या फुलाचा वास पुढे असलेल्या बिअरचे, चार कॅन नेले होते. आमच्या काकांनी पहिला घोट घेतला तो थेट कॅनमधून, तोही फ्रीजरमधून काढलेल्या, दात शिवशिवतील इतक्या गार कॅनमधून. घोट गिळला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "अरे ही बिघडलीय, नुसती कडू लागते, हिच्यापेक्षा किराईत बरं." मी उरलेली ग्लासात ओतून टेबलावर ठेवली, गप्पा चालूच होत्या, पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत येऊन गेला, पोई घेतली, आणि दहा-बारा मिनिटांनी काकांनी सवयीने तोच ग्लास उचलला, तोंडाला लावता लावता थांबले. "हिला तिरफळाचा वास येतो रे."

बिअर तीच, कॅन तोच. फरक पडला तो फक्त भांड्याचा आणि आठ-एक डिग्रीचा. गोव्यात उन्हाळा इतका की बिअर म्हणजे आधी थंडावा आणि मग चव असंच आपलं गणित झालंय, त्यामुळे ज्या बिअरचे पैसे आपण तिच्या वासासाठी मोजतो तीच आपण वास येणार नाही इतकी गार करून ढोसतो. तर खाली जे लिहितोय ते सगळं त्या बारा मिनिटांसाठी आहे. (एकवीस पूर्ण नसतील तर नंतर वाचा, गोव्यात पिण्याचं वय एकवीस आहे.)

आधी ही असते काय

पिल्सनर हे नाव पिल्सेन गावावरून आलं, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. १८३८ मध्ये तिथल्या लोकांनी वाईट बिअरचे ३६ पिंप नगरपालिकेसमोर ओतून दिले होते, वैतागून. मग गावाने नवी ब्रुअरी बांधली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला आणि ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याने सोनेरी, आरपार दिसणारी लागर (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) बनवली. तोवर लागर म्हटली की गडद. फिकट भाजलेलं माल्ट (मोड आणलेली बार्ली), तिथलं अगदी मऊ पाणी, साझ नावाचे तिथलेच हॉप आणि थंडीत सावकाश आंबवणारं यीस्ट, एवढ्यावर ते जमलं.

हॉप म्हणजे एका वेलीचं फूल, छोट्या हिरव्या शंकूसारखं, आणि त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते. त्या पुडीत दोन गोष्टी असतात. एक अल्फा आम्लं, जी उकळल्यावर बदलतात आणि कडूपणा देतात, आणि दुसरी सुगंधी तेलं, जी उकळल्यावर उडून जातात. म्हणून कडूपणासाठी हॉप आधी टाकतात आणि वासासाठी शेवटी. आणि अजून वास हवा असेल तर उकळणं-बिकळणं सगळं झाल्यावर थंड बिअरमध्येच हॉप टाकून ठेवतात, ह्याला ड्राय हॉपिंग म्हणतात. पिल्सनरला ड्राय हॉप करायची ही टूम इटलीतून आली, बिरिफिचो इतालियानो ह्या ब्रुअरीची टिपोपिल्स १९९६ ची, आणि आज 'इटालियन पिल्सनर' म्हणून जी कॅनवर लिहिलेली दिसते ती त्याच वळणाची. न्यूझीलंडवाले आपले हॉप वापरतात, नेल्सन सोविन, मोटुएका वगैरे, त्यात पांढरी द्राक्षं, लिंबाची साल असले फळांचे वास. साझ किंवा जर्मन हॉप असतील तर फळ नाही, गवत, फुलं, मिरी, पाला.

आता आपल्याकडे किंग्सच्या लेबलवर पण पिल्सनर लिहिलेलं असतं आणि ती आपली लाडकी आहेच, पण तिच्याकडून हॉपच्या वासाची अपेक्षा ठेवू नका, ती वेगळ्या कामाची बिअर आहे. क्राफ्टवाली, म्हणजे छोट्या ब्रुअरीतली, आता गोव्यात पण बनते, सांगोल्ड्याला ब्रुअरी आहे, डिचोलीतल्या लाटंबार्सेला 'माका दी' वाले आहेत (कोंकणीत 'मला दे', नाव काय ठेवलंय बघा, दुकानात जाऊन नुसतं ब्रँडचं नाव घेतलं तरी वाक्य पूर्ण होतं). कुणाकडे कधी हॉपवाली पिल्सनर असेल ते बदलत राहतं, विचारून घ्या.

विकत घेताना

पहिलं काम, कॅन उलटा करा आणि तारीख बघा. एक्सपायरी नाही, बनवल्याची तारीख. हॉपचा वास ही बिअरमधली सगळ्यात आधी मरणारी गोष्ट आहे, एक्सपायरीला चार महिने बाकी असले तरी वास कधीच गेलेला असू शकतो. मी दोन महिन्यांच्या आतली असेल तर डोळे मिटून घेतो, तीन महिन्यांपर्यंत विचार करून, त्यापुढे स्वस्तात मिळाली तरी नाही.

दुसरं, ती दुकानात कुठे ठेवली होती. बिअरवाल्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो, ३-३०-३०० चा: साधारण ३२ डिग्रीत तीन दिवसांत बिअर जितकी शिळी होते तितकी २२ डिग्रीत तीस दिवसांत आणि फ्रिजच्या ३ डिग्रीत तीनशे दिवसांत. काटेकोर नाही हे, पण ३२ डिग्री म्हणजे आपल्याकडची रोजची दुपार हो! म्हणजे पत्र्याच्या शेडखाली आठवडाभर पडलेला बॉक्स आणि फ्रिजमध्ये पहिल्या दिवसापासून असलेला कॅन, तारीख एकच असली तरी दोघांत आजोबा-नातवाचं अंतर. म्हापशाकडच्या एका दुकानात मी एकदा क्राफ्ट बिअरचा अख्खा रॅक दाराशी उन्हात मांडलेला बघितला, दिसायला छान, लेबलं चमकत होती. मी बाहेरूनच पाणी घेतलं आणि निघालो. "पात्रांव, फ्रिजातलीच दी, भायली नाका" एवढं म्हणायला लाजू नका.

तिसरं, कॅन आणि बाटली दोन्ही असतील तर कॅन. कारण उजेड. हॉपमधून आलेल्या कडू घटकांवर ऊन पडलं की ते तुटतात आणि त्यातून एक गंधकवाला उग्र वास तयार होतो, जळक्या रबरासारखा. तपकिरी बाटली बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाहीच. आपल्याकडे बऱ्याच लोकांना तो हिरव्या बाटलीचा वास म्हणजेच 'इम्पोर्टेड चव' वाटते, मला पण कॉलेजात वाटायची.

खोटं वाटत असेल तर घरी करून बघा. एकाच कॅनमधली थोडी थोडी बिअर दोन काचेच्या ग्लासांत, एक घरात सावलीत आणि एक भर दुपारच्या उन्हात दहा मिनिटं, मग उन्हातला परत फ्रिजमध्ये ठेवून सारख्याच गारव्याला दोन्ही हुंगा. पन्नास मिली बिअर वाया जाईल पण हा वास जन्मभर ओळखाल, आणि बीच शॅकवर उन्हात ठेवलेल्या मगाला कसला वास येतो ते पण कळेल.

घरी नेताना डिकीत टाकू नका, तिथे भट्टी असते. मी मासळीची आइसबॉक्स वापरतो, धुऊन. नीट धुऊन. आणि हो, सावंतवाडीच्या पाहुण्यांना भेट द्यायची हौस असेल तर परमिटशिवाय नको, इन्सुली नाक्यावर बॉक्स उघडायला लावतात.

फ्रिजमध्ये कॅन उभा ठेवा, निदान रात्रभर, साधारण ४ डिग्रीला. फ्रीजरमध्ये घाईने कोंबू नका. लाईट गेली तर दार उघडून बघत बसू नका, बंद फ्रिज तास-दोन तास आरामात धरतो.

ग्लास, आणि ग्लासाचे शत्रू

उंच, थोडा निमुळता ग्लास असेल तर उत्तम, नसेल तर साधा पातळ काचेचा कुठलाही, जाड हँडलवाला मग नको. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो खरंच स्वच्छ पाहिजे, आणि आपल्या घरांत तिथेच घोळ होतो, कारण ज्या स्पंजने बांगड्याची कढई घासली त्याच स्पंजने ग्लास. तेलाचा अंश असला की फेस बसलाच म्हणून समजा. ग्लास वेगळ्या नव्या स्पंजने धुवा, साबण भरपूर पाण्याने घालवा, उलटा जाळीवर वाळवा, फडक्याने पुसू नका. मग थोडं पाणी आत फिरवून ओता: पाणी काचेवर सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब तुटून राहिलं तर परत धुवा. ओतल्यावर आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर तेच, तिथे मळ आहे.

आता ती फ्रीजरमध्ये ग्लास ठेवायची पद्धत. बारमध्ये बर्फाळ ग्लास आला की फोटो काढतात सगळे. पण काचेवरचा बर्फ वितळून पाणी बिअरमध्ये जातं, फेस वेडावाकडा उसळतो, बिअर अजून गार होते, आणि आमच्या घरी फ्रीजरमध्ये इसवणाच्या तुकड्या असतात त्यामुळे ग्लासाला त्यांचा वास येतो हे वेगळंच. साध्या गार पाण्याने ग्लास आतून विसळून घ्या, चेक पबमध्ये पण ओतण्याआधी तेच करतात.

बसायची जागा बघा. संध्याकाळी बलकांवावर (घरापुढच्या ओट्यावर) बसलं की डासांची अगरबत्ती पेटणारच, आणि एकदा मी पंधरा मिनिटं एका पिल्सनरमध्ये 'छान धुरकट छटा' शोधत होतो, मग खुर्चीखाली बघितलं. मच्छरांचं क्रीम हातांना लावलं असेल तर हात धुवा, ग्लास नाकाशी त्याच हाताने येतो. तुळशीपुढचा धूप, मोगरा, शेजाऱ्यांचं सुंगटांचं आंबट, हे सगळं नाकात जातं.

ओतणं

ग्लास तिरका धरा, बाजूने हळू सुरू करा, निम्मा भरला की सरळ करा आणि मधोमध जरा उंचावरून ओता. वर दोन-तीन बोटं फेस आलाच पाहिजे. आपल्याकडे फेस म्हणजे बारवाल्याने पैसे मारले अशी समजूत आहे, आमच्या काकांची पण तीच, पण ह्या बिअरमध्ये फेस म्हणजे झाकण आहे, त्याच्यातून वास हळूहळू सुटतो आणि तो खालची बिअर हवेपासून जरा जपतो. फेसाला नुसतं ओठ लावून बघा, बिअरपेक्षा जास्त कडू लागेल, कारण हॉपचे कडू घटक फेसात गोळा होतात. पिताना काचेवर त्याच्या जाळीदार कडा राहिल्या तर ग्लास स्वच्छ होता.

रंग बघा, फिकट गवती ते सोनेरी. ड्राय हॉप केलेली किंवा न गाळलेली थोडी धूसर असते, घाबरू नका.

बारा मिनिटं

घड्याळ लावा, किंवा किचन थर्मामीटर असेल तर अजून मजा. माझ्या हिशोबाने पंख्याखाली, एसीशिवाय, फ्रिजमधून निघालेली तीनशे मिली बिअर दहा-बारा मिनिटांत चार डिग्रीवरून बारा डिग्रीच्या आसपास येते, काचेवरून पाणी ओघळत असतं तेव्हा तर अजून पटकन. युरोपातल्या माणसाला ह्याच प्रवासाला बराच वेळ बसावं लागेल, आपल्याला आपली दमट हवा फुकटात करून देते.

ओतल्या ओतल्या पहिलं नाक, प्यायचं नाही. दोन-तीन छोटे हुंगे, कुत्रा हुंगतो तसे, एक लांब श्वास नाही, लांब श्वासाने नाक लगेच थकतं. ह्यावेळी फार काही येणार नाही, कधी कधी ताज्या लागरला काडेपेटीची काडी ओढल्यासारखा हलका गंधकाचा वास येतो, तो दोन मिनिटांत उडून जातो. मग पहिला घोट, बऱ्यापैकी मोठा. ह्यात फक्त गॅसची चुणचुण, हलकेपणा आणि गारवा बघा. चव शोधू नका, जीभ गारठलेली आहे.

साधारण चौथ्या मिनिटाला परत हुंगा. आता माल्ट पुढे येतं. पोदेराचा पाव सकाळी फोडला की आतल्या पांढऱ्या भागाला जो वास येतो ना, तो. कधी साध्या बिस्किटाचा, कधी किंचित मधाचा. घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा, आणि गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास बाहेर सोडा. ही एकच सवय लावून घेतली तरी ह्या लेखाचं काम झालं म्हणेन मी, कारण हॉपचा निम्मा वास असा मागच्या दाराने येतो. वाईनवाले थुंकतात तसं थुंकायचं नाही, ह्या बिअरची खरी गोष्ट गिळल्यानंतर सुरू होते.

ती गोष्ट म्हणजे कडूपणा. तो किती आहे ह्यापेक्षा तो कसा जातो ते बघायचं. बिअरच्या कडूपणाला आयबीयू हे माप आहे, चेक पिल्सनर साधारण ३० ते ४५ च्या दरम्यान, आणि आपली रोजची कमर्शियल लागर बरीच खाली, दहा-पंधराच्या आसपास. म्हणजे दुप्पट-तिप्पट कडू, तरी चांगली पिल्सनर त्रास का देत नाही? कारण कडूपणा चटकन येतो, जिभेच्या मागे टोक काढतो आणि स्वच्छ निघून जातो, आणि तोंड कोरडं होऊन पुढचा घोट मागतं. किराईताचा कडूपणा बघा, घरात येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा, दुपारचं जेवण झालं तरी उठत नाही. मेथीच्या भाजीचा त्याहून बरा, लगेच मऊ होतो. गिळल्यावर मनात दहापर्यंत मोजा. पाच-सातला कडूपणा उतरायला लागला तर बिअर छान बनलीय. वीस झाले तरी घशाशी खरखरीत, चहाचा चोथा चावल्यासारखा राहिला तर हॉप जास्त झालेत किंवा फार वेळ भिजलेत.

आठ ते बारा मिनिटं हा आपला मोसम. ग्लास हलकेच गोल फिरवा, फेस थोडा जागा होईल, आणि आता हुंगा. आता नावं द्या. विदेशी चार्ट घेऊन बसू नका, त्यातली निम्मी फळं आपण खाल्लेली नसतात, आपल्या परड्यातली नावं द्या: गवती चहा, पावसाळ्यात दाराशी कापलेलं गवत, कोथिंबिरीचे देठ, ताजी हिरवी मिरी, इडलिंबाची साल, पपनस, आणि तिरफळ, जे काकांनी ओळखलं. बांगड्याच्या हुमणात टाकतात ते कोरडं तिरफळ नाही, झाडावरून नुकतं काढलेलं हिरवं, जे बोटांत चुरगळलं की लिंबू आणि मिरी एकदम नाकात जातात. हॉपच्या आणि आपल्या मसाल्यांच्या तेलांत एकाच कुळातले घटक सापडतात, त्यामुळे हे काही नुसतं कवित्व नाही. एखादा वास ओळखीचा वाटतो पण नाव सुचत नाही असं होईल, तर ग्लास खाली ठेवा, स्वतःच्याच बाहीचा वास घ्या, नाक ताजं होतं, आणि परत या.

बारा-तेरा डिग्रीनंतर माल्ट जरा गोडसर, गॅस मंद, कडूपणा मोकळा. एखाद्या बिअरमध्ये लपवलेलं काही असेल तर इथे बाहेर पडतं. उकडलेल्या मक्याचा वास जास्त आला तर उकळण्यात किंवा आंबवण्यात काहीतरी राहिलं. लोण्यासारखा, थिएटरातल्या पॉपकॉर्नसारखा आला तर यीस्टला पुरता वेळ दिला नाही, किंवा टॅपची नळी साफ नाही (चेक बिअरमध्ये हा अगदी किंचित चालतो). हिरव्या सफरचंदाचा आला तर कच्ची काढलीय. आणि ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या वहीचा वास आला तर बिअर शिळी, ती उन्हातल्या रॅकवरची. हा शेवटचा गोव्यात सगळ्यात जास्त भेटतो.

तुलना

एकटी पिल्सनर चाखून पहिल्यांदा फार कळत नाही. तीन ग्लास घ्या, प्रत्येकी शंभर मिली: एक रोजची लागर, एक साधी पिल्सनर, एक हॉपवाली, ह्याच क्रमाने, मध्ये साधं पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा. दोघं असाल तर एकाने ग्लासाखाली चिठ्ठ्या चिकटवाव्या, दुसऱ्याने न बघता सांगावं. आमच्या घरी काकी जिंकल्या, ज्या बिअर पीत नाहीत, नुसत्या हुंगून तिन्ही ओळखल्या, रोज मसाला भाजणाऱ्या बाईच्या नाकापुढे आपण कोण. हुर्राक किंवा फेणी आधी घेतली असेल तर त्या दिवशी हा उद्योग करू नका, काजूचा वास नाकात मुक्काम करतो.

सोबत काय

चाखून झाल्यावर खाणं, आधी नाही. रवा लावलेला बांगडा, निरफणसाची कापं, मीठ लावलेले भाजलेले काजू, तळलेलं काहीही, कारण कोरडा कडूपणा आणि गॅस तेल धुऊन काढतात. माणकुल्यांचं बटर-गार्लिक पण जमतं. रेशादवाल्या तिखट मसाल्याशी मात्र जपून, कडूपणा आणि गॅस दोन्ही तिखट भडकवतात, लोक म्हणतात बिअरने तिखट उतरतं, हॉपवालीने चढतं. चोरीस-पावाबरोबर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही, अर्धे दिवस आवडतं. लिंबू पिळू नका, मीठ टाकू नका, निदान पहिल्या ग्लासात तरी. आणि हे सगळं घरी किंवा बारमध्ये, उघड्या बीचवर प्यायला बंदी आहे, गाडी चालवायची असेल तर चावी दुसऱ्याकडे.

प्रत्येक बिअरच्या चार ओळी मोबाईलमध्ये लिहून ठेवा, बनवल्याची तारीख, कुठून घेतली, कितव्या मिनिटाला काय आलं, आणि दहापैकी मार्क नाही, नुसतं परत घेणार का नाही. काकांच्या नावापुढे मी लिहिलंय: "तिरफळ, ११ वं मिनिट."

ग्लासाच्या तळाशी राहिलेली कोमट अर्धी वाटी पिऊ नका, कांदाभज्यांच्या पिठात पाण्याऐवजी घाला, गॅसमुळे भजी हलकी होतात. रश्शात मात्र घालू नका, आटली की कडूपणा आटून दुप्पट होतो, आणि मग घरातली बाकी मंडळी पुढचे सहा महिने तुम्हाला फ्रिजमध्ये कॅन ठेवू देत नाहीत.